धनादेशाबरोबर सावधगिरीही गेली काय?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वर्गात ती नेहमी पहिल्या बाकावर बसे. हिशेबाला चोख आणि स्वभावाने अबोल. आमच्या गावालगतच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणारा एक लहानसा कारखाना आहे. तेथे ती सात वर्षे हिशेबनीस म्हणून काम करीत आहे. ‘सर, माझ्या पगारातून दरमहा तीन हजार रुपये कापतात. ते कायद्यात बसते का, एवढेच विचारायला आले,’ असे ती म्हणाली, आणि मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली.

कारखान्याला पोलादी सळ्या पुरविणाऱ्या व्यापाऱ्याकडून तिला एक ई-मेल आला होता. ‘आमच्या जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू आहे, या वेळची रक्कम सोबत दिलेल्या नव्या खात्यात भरावी,’ असा त्यातील मजकूर. पत्राखाली नेहमीचे नाव, नेहमीचे बोधचिन्ह, बिलाचा क्रमांकही बरोबर. मालक एका लग्नाला परगावी गेले होते. तिने दूरध्वनी केला. पाठीमागे वाजंत्री वाजत होती. ‘अगं, टाकून दे, त्यांचा माल अडायला नको,’ एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. तिने चार लाख ब्याऐंशी हजार रुपये आरटीजीएसने पाठविले. दुसऱ्या दिवशी दुपारी खऱ्या व्यापाऱ्याचा माणूस पैशाची चौकशी करू लागला, तेव्हा ई-मेलच्या पत्त्यातील एक अक्षर निराळे असल्याचे तिच्या ध्यानात आले. त्यानंतरचे दोन दिवस चूक कोणाची, या वादात गेले. तिसऱ्या दिवशी बँकेत व पोलिसांत तक्रार झाली. तोवर त्या खात्यातून पैसे पुढे चार ठिकाणी गेले होते. एकसष्ट हजार तेवढे गोठवता आले. ‘बटण तू दाबलेस,’ असे मालक म्हणाले आणि पगारातून कपात सुरू झाली.

ही एका कारखान्याची आणि एका मुलीची गोष्ट आहे. तथापि तिच्यात जो प्रश्न दडलेला आहे, तो आज महाराष्ट्रातील प्रत्येक दुकान, शाळा, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि कारखाना यांच्या दाराशी उभा आहे. बँकेमार्फत विद्युत्‌वेगाने पैसे पाठविण्याची सोय आपण उत्साहाने स्वीकारली. पण ती वापरण्याची रीतभात आपण बसविली काय? आणि ती बसविली नाही, तर होणाऱ्या नुकसानीचा भार कोणी वाहावयाचा?

धनादेशाचा संथ पहारा

धनादेशाच्या काळात एखाद्या पेढीतून पैसा बाहेर पडावयाचा म्हणजे तो किती हातांतून जात असे, हे आठवून पाहावे. कारकून बिल तपासून धनादेश लिहीत असे. तो बिलासह मालकापुढे जाई. मालक सही करताना निदान एकदा बिलाकडे नजर टाकीत. पुष्कळ संस्थांत दोन सह्या लागत. मग तो पाकिटात घालून टपालात पडे, घेणाऱ्याच्या बँकेत भरला जाई, समाशोधन गृहातून फिरे आणि दोन-चार दिवसांनी वटे. परगावचा असला तर आठवडाही जाई. या साऱ्या अवधीत काही खटकलेच, तर बँकेला पत्र देऊन धनादेश थांबविता येत असे.

ही पद्धत संथ होती, खर्चिक होती आणि पुरवठादाराला जाचकही होती, यात शंका नाही. ‘धनादेश टपालात टाकला आहे’ या एका वाक्यावर कित्येक लहान व्यापाऱ्यांचे महिने गेले. सूक्ष्म व लघू उद्योगांची देणी फार तर ४५ दिवसांत चुकती करावीत आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे बंधन २००६ च्या कायद्याला घालावे लागले, ते उगीच नव्हे. पैशाचा वेग वाढला की त्याच भांडवलावर अधिक उलाढाल होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

म्हणूनच आपल्याकडे या क्षेत्रात झालेली प्रगती स्वागतार्ह आहे. रिझर्व्ह बँकेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक समाशोधनाची सेवा सुरू केली. मोठ्या रकमा तत्क्षणी पोहोचविणारी आरटीजीएस ही व्यवस्था मार्च २००४ मध्ये, तर सर्वसामान्य रकमांसाठीची एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये आली. २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय यांची भर पडली. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र, सुटीच्या दिवशीही चालू लागले. आज एनईएफटीचे व्यवहार दिवसभरात अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ तुकड्यांत निकालात निघतात. दोन लाखांपासून पुढची रक्कम आरटीजीएसने काही मिनिटांत देशाच्या कोणत्याही टोकाला जाते.

परंतु या वेगाची एक किंमत आहे आणि ती कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते. आरटीजीएसने गेलेली रक्कम अंतिम व अपरिवर्तनीय मानली जाते. पाठविणाऱ्याला ती ‘थांबवा’ असे सांगता येत नाही. समोरचा खातेदार राजी असेल, अथवा पोलिसांनी वा न्यायालयाने हस्तक्षेप केला, तरच ती परत येण्याची आशा. धनादेशाच्या काळात टपाल, सुटी, समाशोधन गृह ही सारी विलंबाची कारणे न सांगता-सवरता आपला पहारा करीत होती. तो पहारा आपल्याला फुकट मिळत होता, म्हणून त्याचे मोल कळले नाही. आता तो उठला आहे. त्याची जागा आपण जाणीवपूर्वक शिस्तीने भरून काढली पाहिजे; ती आपोआप भरली जाणार नाही.

नाव की क्रमांक?

सामान्य माणसाची अशी समजूत असते, की पैसे पाठविताना आपण घेणाऱ्याचे नाव लिहितो, तेव्हा बँक ते नाव ताडून पाहत असणार. धनादेशाच्या बाबतीत ते बरोबर होते. इलेक्ट्रॉनिक व्यवहारात मात्र तसे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की आलेली रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा केली जाईल, आणि तो क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची राहील. यामागे कारणही होते. एकच नाव कोणी आद्याक्षरांनी, कोणी आडनाव आधी घालून, कोणी निराळ्या स्पेलिंगने लिहितो. यंत्राने प्रत्येक नावापाशी अडून बसावयाचे ठरविले, तर लक्षावधी व्यवहार खोळंबतील. तेव्हा वेगासाठी नावाचा बळी दिला गेला. माझ्या विद्यार्थिनीने व्यापाऱ्याचे नाव अगदी बरोबर लिहिले होते. खाते दुसऱ्याचेच होते आणि बँकेने नियमाप्रमाणे पैसे त्या क्रमांकावर जमा केले.

आपल्या जुन्या हुंडीचा व्यवहार या संदर्भात आठवतो. शाहजोग हुंडीचे पैसे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’च्या हातूनच ती सादर व्हावी लागे, आणि पुढे हुंडी खोटी निघाल्यास ते पैसे परत करण्याची जोखीम त्या शाहाच्या माथी असे. रक्कम लिहितानाही तिचे निम्मे सांगून ‘त्याची दुप्पट’ असे लिहिण्याचा रिवाज होता. एखादे शून्य वाढवून कोणी घात करू नये म्हणून. आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक नव्हता. पण ‘पैसा कोणाला देतो आहोत’ हा प्रश्न ‘पैसा किती लवकर देतो आहोत’ या प्रश्नाच्या आधी विचारावयाचा असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हा जुना प्रश्न आता यंत्रही विचारू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस व एनईएफटी या सेवा देणाऱ्या बँकांना फर्मावले, की १ एप्रिल २०२५ पूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय ग्राहकाला विनामूल्य द्यावी. खातेक्रमांक आणि आयएफएस संकेतांक भरला, की त्या खात्याची नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाठविण्यापूर्वी दिसते. ब्रिटनमध्ये अशी पडताळणी २०२० सालीच सुरू झाली होती. तथापि ही सोय असणे वेगळे आणि दिसलेले नाव थांबून वाचणे वेगळे. शिवाय ठगाने मूळ व्यापाऱ्याशी मिळत्याजुळत्या नावानेच खाते उघडले असेल, तर यंत्र काय करणार?

ही शंका काल्पनिक नाही. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कास या गृहस्थाने तैवानमधील एका प्रसिद्ध संगणक-उत्पादक कंपनीच्या नावाचीच कंपनी लाटव्हियात नोंदविली, आणि २०१३ ते २०१५ या काळात गूगल व फेसबुक या दोन बलाढ्य कंपन्यांना खोटी बिले धाडून त्यांच्याकडून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. त्याला २०१९ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या यंत्रांवर सारे जग विसंबते, त्यांनाही बिलावरचे नाव पाहून फसता येते, तर तालुक्याच्या गावातील हिशेबनीस मुलीला आपण कोणत्या तोंडाने बोल लावावा?

पाळावयाची पथ्ये

मग करावे काय? इलाज गहन नाहीत आणि महागही नाहीत. आमच्या महाविद्यालयातील सेवकांच्या पतसंस्थेचा मानद खजिनदार म्हणून काही वर्षे काम करताना जे शिकावे लागले, त्याचाही आधार पुढील विवेचनास आहे.

पहिले पथ्य असे, की ज्यांना पैसे पाठवावयाचे त्यांची एक नोंदवही असावी, आणि त्या वहीत नवे नाव घालणे वा जुन्या नावापुढचा क्रमांक बदलणे हे पैसे पाठविण्याहूनही गंभीर काम मानावे. खाते बदलल्याचे पत्र, ई-मेल वा संदेश आला, तर त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर चौकशी करू नये. कारण ठगाच्या पत्रात ठगाचाच क्रमांक असणार. आपल्या जुन्या बिलावर किंवा वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून ओळखीच्या माणसाशी बोलावे, रद्द केलेल्या धनादेशाची प्रत मागवावी, बँकेच्या पडद्यावर दिसणारे नाव ताडावे, आणि कोणी, केव्हा, कोणाशी बोलून खात्री केली ते वहीत लिहून ठेवावे. शक्य तेथे प्रथम एक रुपया पाठवून तो पोहोचल्याची पोच खऱ्या माणसाकडून घ्यावी. पगाराची किंवा बिलांची मोठी यादी एकाच फाईलने बँकेकडे जाते तेव्हा एकेका नावापाशी थांबणे घडत नाही. म्हणून ही खातरजमा नाव वहीत चढतानाच झाली पाहिजे.

ही वही जुनी होऊ देता कामा नये. २०१९ व २०२० मध्ये अनेक सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले आणि पुढे त्यांचे जुने आयएफएस संकेतांक बंद पडले. त्या सुमारास आमच्या पतसंस्थेने पाठविलेला लाभांश तीन सेवानिवृत्त सभासदांच्या बाबतीत परत आला. परत आलेल्या रकमांची यादी कोणी उघडलीच नाही, म्हणून ती गोष्ट दीड महिना कोणाला कळली नाही. अकरा अक्षरांच्या संकेतांकातील चूक लहान होती. पण त्या पैशावर औषधे आणणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाच्या लेखी ती लहान नव्हती.

दुसरे पथ्य : रक्कम भरणारा आणि तिला मंजुरी देणारा या दोन व्यक्ती निरनिराळ्या असाव्यात. पुष्कळ लहान पेढ्यांत मालकाचा पासवर्ड हिशेबनिसाला पाठ असतो आणि ओटीपी मालक फोनवर वाचून दाखवितात. म्हणजे कागदावर दोन माणसे आणि प्रत्यक्षात एकच. हा विश्वास नव्हे, हा आळस होय. यातून उद्या काही विपरीत घडले, तर निर्दोष कारकुनालाही आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही. कारण यंत्राच्या नोंदीत मालक व नोकर यांचा फरक उरलेला नसतो. प्रत्येकाचे प्रवेशनाम वेगळे असणे हे मालकाइतकेच कारकुनाच्याही हिताचे आहे.

तिसरे पथ्य यंत्राविषयीचे. ज्या संगणकावरून पैसे जातात, त्यावर सिनेमे पाहू नयेत, अनोळखी जोडपत्रे उघडू नयेत, मुलांना खेळू देऊ नये. जमल्यास त्या कामासाठी एक स्वतंत्र यंत्र ठेवावे. बँकेकडून दर व्यवहाराची व दर दिवसाची कमाल मर्यादा आपल्या गरजेपुरतीच ठरवून घ्यावी. ज्या पेढीचे सर्वांत मोठे बिल पाच लाखांचे, तिने पन्नास लाखांची मर्यादा कशासाठी घ्यावी?

चौथे पथ्य वेळेचे. व्यवस्था अहोरात्र चालू आहे, म्हणून आपणही रात्री अकरा वाजता पैसे पाठवावेत असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर लांबविण्याचा प्रयत्न झाला. चोरांनी गुरुवारची रात्र निवडली, कारण बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुटी. तेथून रविवार अमेरिकेत सुटीचा, आणि सोमवारी फिलिपाइन्समध्ये चिनी नववर्षाची सुटी. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोहोचून नाहीसे झाले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र वाचले. घेणाऱ्या संस्थेच्या नावातील ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले कोणा जागरूक कर्मचाऱ्याला खटकले म्हणून. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, तोही शनिवार ११ तारखेला सुरू होऊन सोमवारी १३ तारखेला पुरा झाला. त्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोर पंचांग पाहून येतो. तेव्हा देणी देण्याचा दिवस व वेळ ठरलेली असावी, आणि ती अशी असावी की संशय आल्यास विचारावयाला बँकेत व पुरवठादाराकडे कोणीतरी हजर असेल.

पाचवे पथ्य : रोजच्या रोज ताळमेळ. आमच्या आजोबांच्या पिढीतला मुनीम दिवेलागणीला रोजकीर्द मिळविल्याशिवाय घरी जात नसे. आज बँकेचा उतारा क्षणात मिळतो, तरी कित्येक संस्थांत तो महिन्याअखेरीस, नव्हे वर्षअखेरीस लेखापरीक्षक मागतो तेव्हाच उघडला जातो. गेलेल्या प्रत्येक रकमेचा यूटीआर क्रमांक बिलावर लिहावा, आणि परत आलेल्या रकमा त्याच दिवशी पाहाव्यात. एनईएफटीत जमा न झालेली रक्कम त्या तुकडीच्या निकालानंतर दोन तासांत परत करावी व विलंब झाल्यास व्याज द्यावे, असा नियम आहे. पण ज्याने उतारा पाहिलाच नाही, तो व्याज मागणार कसा?

आणि शेवटचे पथ्य : घात झालाच, तर वाद न घालता धावणे. आपल्या बँकेला त्याच घटकेला कळवावे, १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवावी, लेखी पोच घ्यावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. पहिल्या काही तासांत तो गोठविता येण्याची शक्यता असते, पुढे ती झपाट्याने ओसरते. माझ्या विद्यार्थिनीच्या कारखान्यात दोन दिवस ‘चूक कोणाची’ हे ठरविण्यात गेले. चूक कोणाची, हे महिनाभराने ठरविले असते तरी चालले असते.

येथवर पैसे देणाऱ्यांविषयी लिहिले. पैसे वसूल करणाऱ्या संस्थांनाही हाच न्याय लागू आहे. पतसंस्था, विमा कंपन्या, वित्तसंस्था ग्राहकाकडून संमतिपत्र घेऊन एनएसीएचच्या मार्गे दरमहा त्याच्या खात्यातून हप्ता ओढतात. ठरल्या तारखेआधी, ठरल्या रकमेहून जास्त किंवा कर्ज फिटल्यावरही हप्ता ओढणे हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने असा हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यान्वये ऋणकोवर न वटलेल्या धनादेशासारखाच खटला होऊ शकतो, आणि दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या खात्यात हात घालण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याने आपला हात स्वच्छ व मोजका ठेवला पाहिजे.

तीन माणसे आणि एक चूक

‘दोन माणसांनी तपासले की झाले,’ असे मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण उद्‌बोधक ठरेल. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला रेव्हलॉन या प्रसाधन-कंपनीच्या धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यावयाचे होते. संगणकाच्या पडद्यावर तीन चौकटी भरावयाच्या होत्या. त्यांपैकी एकच भरली गेली, आणि व्याजाबरोबर मुदलाचेही मिळून जवळजवळ ९० कोटी डॉलर रवाना झाले. भरणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा अशा तिघांनी तो व्यवहार पाहिला होता. तिघांनाही तो बरोबर वाटला. काही धनकोंनी पैसे परत केले. सुमारे ५० कोटी डॉलर परत करावयास इतरांनी नकार दिला. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला, तेव्हा कोठे बँकेचा जीव भांड्यात पडला.

याचा बोध काय? डोळे किती आहेत यापेक्षा ते काय पाहत आहेत हे महत्त्वाचे. दुसऱ्या माणसाने पहिल्याच्या पडद्याकडे पाहून मान डोलाविली, तर ती तपासणी नव्हे, शिष्टाचार झाला. तपासणाऱ्यापुढे मूळ बिल असले पाहिजे, त्याने नाव, क्रमांक व रक्कम स्वतंत्रपणे ताडली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे ‘हे मला पटत नाही’ असे म्हणण्याची त्याला मुभा असली पाहिजे.

हुकूम देणाऱ्याची जबाबदारी

आणि येथेच आपल्या समाजाचे खरे दुखणे आहे. आपल्याकडे कारकुनाने साहेबाला उलट विचारणे हा उद्धटपणा मानला जातो. ‘मी सांगतो ना, पाठव,’ या तीन-चार शब्दांपुढे साऱ्या नियमावल्या लुळ्या पडतात. ठगांना संगणकाचे ज्ञान असते ते असो. पण त्याहून अधिक त्यांना आपल्या कचेऱ्यांतील या मनोवृत्तीचे ज्ञान असते. म्हणून तर त्यांच्या पत्रांत नेहमी घाई असते, मोठ्या साहेबाचे नाव असते आणि ‘सध्या बैठकीत आहे, फोन करू नये’ अशी सूचना असते. आज्ञा पाळण्याच्या आपल्या सवयीवर त्यांचा धंदा चालतो.

काही मालक म्हणतील, ‘आमच्याकडे हिशेबाला एकच माणूस, हे सारे नियम मोठ्या कंपन्यांचे.’ हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु एक माणूस म्हणजे मालक धरून दोन होतातच. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, दहा मिनिटे समोर बिले ठेवून मंजुरी देणे कोणत्या मालकाला अशक्य आहे? दुसरे कोणी म्हणतील, ‘आमचा हिशेबनीस घरच्यासारखा आहे, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवावा?’ यात अविश्वासाचा प्रश्नच नाही. माझ्या विद्यार्थिनीचा प्रामाणिकपणा तिच्या मालकांनाही मान्य आहे. प्रामाणिक माणूसही फसतो, आणि तो फसू नये म्हणून पद्धत असते.

अर्थशास्त्रात एक साधे तत्त्व आहे : धोका टाळण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती, धोक्याची किंमतही त्यानेच मोजावी, तरच तो टाळण्याची प्रेरणा निर्माण होते. पद्धत ठरविणे, मर्यादा घालणे, दुसरा माणूस नेमणे, ‘शंका आली तर थांब’ असे सांगणे, हे सारे मालकाच्या हाती असते. नुकसान मात्र सर्वांत खालच्या माणसाच्या पगारातून वसूल झाले, तर मालकाला पद्धत सुधारण्याचे कारणच उरत नाही. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी त्याच खुर्चीवर बसेल आणि दुसरे पत्र येईल.

कायदाही याबाबतीत अगदीच मुका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नुकसानीपोटी वेतनातून कपात करावयाची, तर ते नुकसान थेट त्या कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे वा कसुरीमुळे झालेले असावे लागते, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. पूर्वीच्या वेतन प्रदान कायद्यातही हेच तत्त्व होते. मालकाला विचारून, त्याच्या होकारानंतर पैसे पाठविणाऱ्या मुलीची हयगय ती कोणती? आणि तिला आपली बाजू मांडण्याची संधी तरी कोणी दिली?

मी तिला एवढेच सुचविले, की घडले ते सारे तारीखवार लिहून काढावे, त्या दिवशीच्या फोनची नोंद जपून ठेवावी आणि कपातीविरुद्ध लेखी अर्ज द्यावा. अर्ज लिहावयाला ती बराच वेळ धजत नव्हती. नोकरी जाईल, ही भीती. शेवटी तिने तो दिला. कपात दोन महिने थांबली आहे. कापलेले पैसे परत मिळालेले नाहीत. मात्र परवा ती सांगत होती, की मालकांनी स्वतःच एक नियम भिंतीवर लावला आहे : खाते बदलल्याचे पत्र आले, तर जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, मग सांगणारा कोणीही असो.

‘मग सांगणारा कोणीही असो’ हे शेवटचे शब्द तिने आग्रहाने घालावयास लावले. एका भिंतीवरच्या कागदाने चार लाख एकवीस हजार परत येणार नाहीत, हे खरे. पण तो कागद तेथे आधी असता, तर वाजंत्रीच्या गोंगाटात दिलेल्या एका हुकुमाला ‘साहेब, विचारून पाठवते’ असे उत्तर देण्याचे बळ तिला मिळाले असते. पैसा वाऱ्याच्या वेगाने जाऊ लागला, तेव्हा थांबण्याचा अधिकार कोणाला तरी दिलाच पाहिजे. तो बटण दाबणाऱ्या बोटाला द्यावा. बोल लावावयाला आपण ते बोट शोधतोच.